माझ्या पोटातली नवी पाटी

मी एक जुना घरगुती संगणक आहे, मित्रांनो. कळफलक आणि पोट एकाच जाड खोक्यात असलेला, टीव्हीला जोडावा लागणारा. माझे पोट म्हणजे एक हिरवी पाटी. तिच्यावर तांब्याच्या बारीक वाटा आणि काळ्या किड्यांसारख्या दिसणाऱ्या चिपा. त्या वाटांवरून वीज फिरली, तरच मी जिवंत.

बाबांनी मला घरी आणले तेव्हा दोघी बहिणी शाळेत होत्या. मोठी ताई, धाकटी चिमी. माझ्यावर खरे राज्य चिमीचे. आईला समोर खुर्चीत बसवून दोघींनी रंगीत चौकोनांनी तिचा चेहरा काढला. एक ओळ टंकायची, की पडद्यावर एक चौकोन उमटायचा. वीज बंद झाली की मी सारे विसरत असे, म्हणून चिमी शाळेतून आल्यावर सगळ्या ओळी पुन्हा टंकत बसे. पुढे बाबांनी टेपरेकॉर्डर आणला आणि ते चित्र कॅसेटवर साठवले गेले. ते परत पडद्यावर आणताना कॅसेट चिरक्या आवाजात किंचाळे. "माझं नाक एवढं मोठं आहे होय?" असे आई लटक्या रागाने विचारी, आणि आल्यागेल्याला तेच चित्र कौतुकाने दाखवी. माझे ते सोन्याचे दिवस होते.

मग आई गेली. बाबांना माझ्याकडे बघवेना. त्यांनी मला गोधडीत गुंडाळून माळ्यावर ठेवले. माझ्या पोटात घड्याळासाठी एक इवलासा सेल होता. तो काढायचे कुणाच्या ध्यानात आले नाही. तो फुटला. त्याचे पाणी पाटीवर झिरपत राहिले आणि वाटा एकेक करून खात गेले. मला हाक मारता येत नव्हती.

खूप वर्षांनी माळ्याला शिडी लागली. ताई आता पंख्यांच्या जळलेल्या मोटारींत नवी तार भरून द्यायची. आणि चिमीचे डोळे जात होते. चहूबाजूंनी अंधार आत सरकत होता. उरलेली नजरही थोड्याच दिवसांची, असे डॉक्टरांनी सांगितले होते. चिमीने एकच मागणे मागितले. "ताई, मला आई बघायचीय. आपण काढलेली."

ताईने माझे झाकण उघडले आणि कपाळाला हात लावला. पाटी कुजली होती. तशी पाटी कुठे विकत मिळेना. तेव्हा ती म्हणाली, मीच करते.

बाबा वैतागले. मेलेल्या डब्यात जीव ओतण्यापेक्षा बहिणीजवळ बस, म्हणाले. ताईने सगळे सामान उचलून चिमीच्या खाटेशेजारी मांडले.

माझ्या उरल्यासुरल्या वाटांवरून तिने नकाशा काढला. तांबे चढवलेल्या कोऱ्या पाटीवर शाईने तो गिरवला आणि पाटी औषधात बुडवली. शाईखालचे तांबे राहते, बाकीचे विरघळते. पहिली पाटी नीट निघाली, पण नकाशा उलटा गिरवला गेला होता, आरशात दिसावा तसा. दुसरी पाटी औषधात असताना चिमी अडखळून पडली. ताई तिला उठवून परत येईपर्यंत वाटाही विरघळल्या होत्या. ताई मोरीत जाऊन, नळ सोडून रडली. नळाच्या आवाजामागचे चिमीला ऐकू आलेच.

रोज सकाळी चिमी खिडकीकडे तोंड करून बसे आणि काय दिसते ते सांगे. आधी समोरची गच्ची दिसायची. मग नुसते गज. तिसरी पाटी साधली त्या दिवशी तिला फक्त उजेड कळत होता.

तरी ताई थांबली नाही. तिने भोके पाडली, माझ्या चिपा काढून नव्या पाटीवर बसवल्या. सर्वांत मोठ्या चिपेचा पाय मोडला. तशी दुसरी चिप नव्हती. तिने मोटारीच्या तारेचा तुकडा श्वास रोखून तिथे जोडला. बाबांनी टीव्ही लावला. आणि मित्रांनो, माझ्यात जीव आला!

पण माझ्याबरोबर माळ्यावर पडून राहिलेल्या कॅसेटला बुरशी धरली होती. दोन फेऱ्यांत फीत तुटली.

ताईने चिमीचा हात धरला. "आली बघ आई. हसतेय."

"ताई," चिमी हळूच म्हणाली, "चित्र येताना कॅसेट किंचाळायची. आत्ता नाही किंचाळली."

ताईचा चेहरा पडला. चिमीने चाचपडत मला मांडीवर ओढले. तिची बोटे कळांवर थबकली, मग आठवतील तशा जुन्या ओळी टंकत चालू लागली. चुकले की मी चूक दाखवी, ताई ती वाचून सांगे आणि बोटे पुन्हा वाट शोधत. बाबा भिंतीला टेकून उभे होते.

मध्येच बोटे थांबली. "पुढचं आठवत नाही गं," ती म्हणाली. "काय काय आलंय? खरं सांग."

"कपाळ आलंय. केस आलेत. दोन्ही डोळे आलेत," ताई म्हणाली. "नाक अर्धं. ओठ नाहीत."

चिमीने पडद्यावर तळवा ठेवला. बाबा पुढे आले आणि त्यांनी आपला तळवा तिच्या तळव्यावर ठेवला. आईच्या जाण्यानंतर ते प्रथमच त्या चित्राकडे बघत होते.

त्याहून जास्त मला देता आले नाही. तो सेल वेळेवर कुणी काढला असता, ती कॅसेट कुणी जपली असती, तर चिमीने आईला डोळे भरून पाहिले असते. म्हणून, मित्रांनो, एखादी वस्तू दुःखाने दूर ठेवावी लागली, तरी अधूनमधून तिचे झाकण उघडत जा. आतल्या आत काय कुजते आहे, ते तिला सांगता येत नसते.