नाजूक माती

तिने जमिनीत रोवलेलं गिरमिट पिरगाळून वर ओढलं, पात्यात अडकलेली माती तळहातावर घेतली आणि मूठ वळली. गोळा झाला नाही. बोटांच्या फटींतून माती भुरभुर सांडली.

"तोंड पाडायला काय झालं?" वहिनीने विचारलं. रोपवाटिका वहिनीची होती.

"पार खालपर्यंत वाळू आहे, वहिनी."

"मला विचारलं असतंस तर बसल्या जागी सांगितलं असतं. सकाळी पाणी घालावं, दुपारी जमीन कोरडी ठाक."

सांडलेलं रसायन कुठली माती धरून ठेवील आणि कुठली थेट विहिरीपर्यंत जाऊ देईल, याचा नकाशा ती करत होती. चिकण मातीला हिरवा रंग, मधलीला नारिंगी, अशा वाळूच्या मातीला लाल. त्यावरून नगरपालिका कारखान्यांच्या जागा ठरवणार होती.

जेवताना दादाने विषय काढलाच.

"लाल म्हटल्यावर गिऱ्हाईक काय समजणार? इथली माती विषारी. हिने राबून बाग उभी केली आणि घरच्याच पोरीने शिक्का मारला. नारिंगी करून टाक. कोण बघायला बसलंय?"

"विषारी नाही रे. उलट अजून तरी चांगली आहे. नाजूक आहे, एवढंच."

"हे गिऱ्हाइकाला तू येऊन सांगणार?"

ती ताटातला घास चिवडत राहिली.

"नारिंगी केलं तर काय होईल?" वहिनीने पाणी वाढता वाढता विचारलं.

"मागच्या मोकळ्या जागेत एकाला रसायनांची पिंपं धुवायचा कारखाना काढायचाय. त्याला परवानगी मिळेल."

"आणि ते धुतलेलं पाणी..."

खिडकीबाहेर विहिरीवरचा पंप चालू होता. वहिनी तिकडे बघत राहिली. दादाने मान खाली घालून जेवण उरकलं.

आता कोणी धड निरोपही द्यायचं नाही, असं मनाशी धरून ती हात धुऊन बाहेर आली. वहिनी चपला घालून अंगणात उभी होती. मातीच्या नमुन्यांची पिशवी वहिनीनेच खांद्याला अडकवली होती.

"पलीकडे बालवाडी आहे, तिचीही विहीर आहे. तिथली माती बघितलीस?"

"बाई आत येऊ देत नाहीत. ओळख नाही ना."

"माझी आहे. झाडं माझ्याकडूनच नेतात." मग चालता चालता म्हणाली, "गिऱ्हाइकांचं मी बघते. झाडं लावणाऱ्याला नाजूक म्हणजे काय ते समजवावं लागत नाही."

दोघी कुंपणाशी पोचल्या तोवर मागून दादाची हाक आली.

"थांबा जरा. ते फाटक गंजलंय, तुमच्याने उघडायचं नाही."