उचलला नाही तो फोन

मित्रांनो, मी सीमेजवळच्या एका वीजकेंद्रातला जुना फोन आहे. मला तबकडी नाही, आकडे नाहीत. माझी तार एकाच ठिकाणी जाते, सीमेपलीकडच्या वीजकेंद्रात. हे दोन शेजारी देश एकमेकांना वीज देत आणि घेत, आणि त्यात माझं काम फक्त विचारण्याचं होतं.

दुरुस्तीनंतर मोठ्या लाइनीत वीज सोडण्याआधी पलीकडचे ऑपरेटर काका फोन करत. "माणसं खांबावरून खाली उतरली का?" आमचे ऑपरेटर नाना वायरलेसवर खात्री करून घेत आणि सांगत, "उतरली. सोडा." दोघांनी एकमेकांचं तोंड कधी पाहिलं नव्हतं; पण एकाच्या गुडघेदुखीवर दुसरा औषध सुचवी. नानांच्या मुलीचं आमच्याच एका लाइनमनशी लग्न ठरलं, तेव्हा काका म्हणाले, "आता जावयाशी भांडायची सोय राहिली नाही हो तुम्हाला, रोज वायरलेसवर बोलावंच लागणार." त्या दिवशी मी फार खुशीत होतो.

पुढे दोन्ही सरकारांचं बिनसलं. वीज मात्र दोघांनाही हवी होती. म्हणून वीज चालू राहिली आणि बोलणं तेवढं बंद झालं. निरोप मुख्य कचेऱ्यांमार्फत जातील, हा फोन कुणी उचलायचा नाही, असा हुकूम आला.

एका दुपारी दुरुस्ती आटोपली. नानांनी कचेरीला तसं कळवलं. लाइनमननी सुरक्षेसाठी जमिनीला जोडलेल्या तारा काढून घेतल्या. इतक्यात वायरलेसवर जावई बोलला, "बाबा, एक नट सैल राहिलाय. जरा चढतो. तुम्ही आहात ना तिथे." वायरलेस खाली ठेवून तो चढलासुद्धा. नानांच्या शब्दाशिवाय वीज येत नाही, हा त्याचा जुना भरवसा.

नानांनी घाईघाईने कचेरीला फोन लावला. तिकडून उत्तर आलं, बैठक चालू आहे, निरोप देतो. तेवढ्यात मी वाजलो; बंदी असूनही काका विचारायला फोन करत होते.

नानांचा हात माझ्यापर्यंत आला होता. शेजारी उभे असलेले साहेब म्हणाले, "नाना, हुकूम माहीत आहे ना? नोकरी जाईल."

"साहेब, जावई वर आहे माझा."

"कळवलंय ना कचेरीला? मग होईल."

नानांनी हात मागे घेतला. मी जीव तोडून वाजत राहिलो. मग काकांनी फोन ठेवला. त्यांच्याकडे ‘काम झालं’ हा निरोप पोचला होता आणि हुकूम त्यांनाही होताच. आमच्या मीटरचा काटा हलला. लाइनीत वीज आली. थांबवण्याचा निरोप नंतर पोचला, वरातीमागून घोडं यावं तसा.

काही दिवसांनी नानांची मुलगी नवऱ्याचं सामान न्यायला आली. माझ्याकडे बघून तिने विचारलं, "बाबा, हाच वाजत होता?"

"हो."

"आणि तुम्ही इथेच होतात?"

नानांनी मान हलवली. ती पिशवी उचलून निघून गेली.

मित्रांनो, भांडण झालं तर खुशाल अबोला धरा. पण कुणाचा माणूस वर चढलेला असेल, तर फोन उचला. एवढंच बोला, की तो अजून खाली उतरलेला नाही.