माझा डावा गाल

मी एक छोटी, दोन दारांची गाडी बोलतेय. रंग पिवळा, वय चाळिशीच्या जवळ, मुक्काम जव्हार. माझं अंग पत्र्याचं नाही. काचेच्या धाग्यांची मॅट साच्यावर पसरून, तिच्यात रेझिन मुरवून, थरावर थर देऊन मला घडवलं. लोक त्याला फायबर म्हणतात. गंज नावाचा आजार मला ठाऊक नाही, हे मी शेजारच्या जीपला अधूनमधून ऐकवत असते.

कमलेश सरांनी मला नाशिकहून आणलं. ते शाळेत भूगोल शिकवत. त्यांच्या पत्नी जयश्रीबाई आरोग्य उपकेंद्रात नर्स. दर उन्हाळ्यात दोघं माझ्यातूनच मोखाड्याच्या बोहाड्याला जात. देवादिकांचे मुखवटे घालून नाचणारी सोंगं बघायची सरांना भारी हौस. घाटातल्या प्रत्येक वळणावर बाई म्हणत, "हळू." सर म्हणत, "हिला याहून जोरात येतच नाही."

मग एकदा दाभोशाजवळ एका म्हशीनं माझ्या पुढच्या डाव्या मडगार्डला शिंग मारलं. लहानशी चीर पडली. सरांनी मला इदरीसभाईंच्या गॅरेजात नेलं. भाईंचा जन्म पत्रा ठोकण्यात गेलेला. त्यांनी सवयीनं आतून ठोकळा धरला, बाहेरून हातोडा घातला, आणि माझ्या गालाचे तीन तुकडे झाले. सर हसले. "असू दे, पुढच्या महिन्यात बघू," म्हणाले.

तो महिना सरांना मिळाला नाही.

तीन वर्षं मी शेडमध्ये उभी होते. इदरीसभाई आमच्या गल्लीतून जाणं टाळायचे. यंदा चैत्रात जयश्रीबाईंनी मला जीपला बांधून त्यांच्याच दारात नेलं.

"भाभी, मला नाही जमणार," भाई खाली बघत म्हणाले. "एकदा तोडलीय मी."

"म्हणून तर तुमच्याकडे आणली. बोहाड्याला मला हिच्यातूनच जायचंय. चालवायला शिकलेय मी."

"आणि नाही झाली तर?"

"तर घरी बसेन. तीन वर्षं बसलेच आहे."

बोहाड्याला बारा दिवस उरले होते.

माझे तुकडे कधीच हरवले होते. इदरीसभाईंनी फायबरच्या टाक्या बनवणाऱ्या मेहुण्याकडून मॅट, रेझिन आणि ते घट्ट करणारं हार्डनर आणलं. माझ्या उजव्या मडगार्डला मेण लावून त्याचा साचा घेतला. जव्हारच्या उन्हात रेझिन डब्यातच दगड होतं, हे दोन डबे वाया गेल्यावर कळलं. मग पहाटेच्या गारव्यात काम सुरू झालं. पाचव्या दिवशी साच्यातून मडगार्ड निघालं. कसं गुळगुळीत, अंड्यासारखं! भाईंनी ते हातात फिरवून फिरवून पाहिलं.

त्यांच्या बायकोनं, अकिलानं, चहाचा कप खाली ठेवला. "अहो, हे उजवंच झालं ना?"

भाईंनी ते माझ्या डाव्या बाजूला लावून पाहिलं.

"चपलाही दोन्ही उजव्याच घालता का?"

पत्र्याचा कापलेला तुकडा उलटला की उजव्याचा डावा होतो. साच्यातून निघालेलं मडगार्ड मात्र कसंही फिरवा, उजवं ते उजवंच. जन्मभराच्या सवयीनं भाईंना दुसऱ्यांदा फसवलं होतं. मला हसू आवरेना. पण भाईंचा चेहरा पाहून मी ते गिळलं.

जयश्रीबाई रागावल्या नाहीत. त्यांनी मोखाड्याकडच्या एका पाड्यावर निरोप धाडला आणि दुसऱ्या दिवशी जीपमधून पोश्या उतरला. बोहाड्याचे मुखवटे करणारा माणूस. मातीच्या साच्यावर खळीत भिजवलेले कागद चढवून तो तोंडं घडवतो. त्यानं डोळे मिटून माझ्या उजव्या गालावरून दोन्ही तळवे फिरवले.

"एक गाल हाय ना? मंग दुसरा करू. माझा धंदाच तो."

"पण माप?" इदरीसभाईंनी विचारलं.

पोश्यानं हाताची वीत पसरली. "हा काय माप."

त्यानं माझ्या उघड्या बाजूवर माती थापली. एक सुतळी, एक वीत, आणि सारखं मागे सरून बघणं. माती सुकली, तिच्यावर मेण चढलं, मग भाईंनी मॅट अंथरली.

"पयला थर सुकू दे," पोश्या म्हणाला.

"हे सुकत नाही रे, जमतं."

"दह्यावानी?"

"दह्यासारखंच. विरजण जास्त पडलं की बिघडलं."

"मंग अकिलाबाईला घालू दे. तुझा हात जड."

आणि खरोखर हार्डनर अकिलानं मोजून घातलं. एकही डबा वाया गेला नाही. पुट्टी, घासकाम, रंग; अकराव्या संध्याकाळी मी पूर्ण झाले.

जयश्रीबाई समोर उभं राहून बराच वेळ बघत होत्या. डावा गाल उजव्यापेक्षा थोडा फुगीर झालाय. इदरीसभाईंच्याही ते लक्षात आलं होतं. "उद्या सकाळी घासून बरोबर करतो, भाभी."

बाईंनी त्या फुगवट्यावर हात ठेवला. "राहू द्या. एका बाजूनं हसतेय. सरांना आवडली असती."

भाईंनी घासायचा कागद घडी करून खिशात टाकला. मग खिशातून रुमाल काढला.

आज दुपारी आम्ही घाट चढून मोखाड्याला आलो. बाई मला चालवत होत्या. त्यांच्या नेहमीच्या जागेवर इदरीसभाई बसले होते, मागे अकिला आणि पोश्या. आता मैदानाच्या कडेला मी उभी आहे. ढोल तापवताहेत. एक लहान मुलगी माझ्या तोंडासमोर थांबून हसतेय.

घरात तुमचीही एखादी वस्तू कुणाच्या तरी आठवणीनं झाकून ठेवलेली असेल. तिला बाहेर काढा, वापरा. नवा गाल जुन्यासारखा दिसला नाही तरी चालतो. चला, माझी माणसं मैदानात गेलीत. मीही जरा सोंगं बघते.