घागरवालीच्या चार बाजू

फोटोवालीचा धंदा चालायचा माणसांवर, पण जीव होता पुतळ्यांवर. माणसं वीस आकडे मोजेपर्यंत स्थिर बसतील तर शपथ! कुणाला ऐन वेळी शिंक यायची, कुणाचं पोर आईच्या मांडीवर भुतासारखं धुरकट उमटायचं. पुतळे बिचारे गुमान उभे राहायचे.

म्हणून जुन्या बंगल्याची पुतळ्यांनी भरलेली बाग उठवून तिथून रस्ता नेणार, असं कळताच तिनं कॅमेरा, फोटो उमटवायच्या काचा आणि काळा तंबू हातगाडीवर लादला.

"दगडांचे फोटो विकत कोण घेणार?" वडील म्हणाले.

"बघू," म्हणत ती निघालीसुद्धा.

बागेतल्या माळीकाकांनी दोन दिवस तिच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. पण फोटो काढल्यावर काच ओली आहे तोवर तंबूत नेऊन धुवावी लागे. तिची ती पळापळ बघून तिसऱ्या दिवशी ते विरघळले आणि पाण्याच्या बादल्या आणून देऊ लागले.

"पोरी, घागरवाली चारही बाजूंनी काढ," घागर घेतलेल्या बाईच्या पुतळ्याकडे बोट दाखवत ते म्हणाले. "तिची पाठ कुणी बघत नाही. वेणी बघ कशी कोरलीय!"

तिनं काढली. बाकीचे दहा पुतळे समोरूनच झाले.

ठरल्या तारखेच्या आठ दिवस आधीच मजूर आले. ती धापा टाकत पोचली, तेव्हा माळीकाका चिखलात बसून गोणपाटात तुकडे भरत होते. दहा पुतळे खडीत गेले होते. घागरवाली तेवढी त्यांच्या हाती लागली होती, तीही अशी.

"संपलं गं," ते म्हणाले.

तिनं गोणपाटाचं एक टोक धरलं. "उचला काका. पाथरवटाकडे जाऊ."

पाथरवटानं तो ढीग बघून कपाळाला हात लावला. "यातलं बोट कुठलं नि नाक कुठलं, तेच कळेना!"

तिनं चार फोटो त्याच्यापुढे मांडले. तो एकेक फोटो निरखत गेला. मग त्यानं एक तुकडा उचलला, फोटोशी धरला. "ही वेणी. मानेखालची."

दोन महिने लागले. डावा कान काही सापडला नाही.

"फोटोत दिसतोय. नवा घडवू का?" पाथरवटानं विचारलं.

"राहू दे," माळीकाका म्हणाले. "पुष्कळ ऐकलंय तिनं."

दवाखान्याच्या डॉक्टरीणबाईंनी अंगणात जागा दिली, आणि माळीकाकांना कामही. पहिल्याच आठवड्यात कुणा बाळंतिणीच्या आईनं घागरवालीच्या हातावर ओलं झबलं वाळत घातलं. फोटोवाली ते काढायला पुढे झाली.

"असू दे की," माळीकाका म्हणाले, "ऊन चांगलं आहे."