कात्रीचा काठ

बुरुलचानं थानाचं टोक टेबलावर सरळ केलं आणि कात्री चालवायला घेतली. समोर उभी असलेली पोर त्या पात्यांकडे बघत राहिली.

"एजे," ती थोरल्या बहिणीला म्हणावं तसं म्हणाली, "फाडून नाही देत?"

"कात्रीनं सरळ येतं."

"बाकीचे नुसती खाच पाडतात नि टर्रकन फाडून देतात."

"मग त्या बाकीच्यांकडे जा. वर्षापूर्वीच्या भावात देणारेही तेच असतील."

पोर पैसे मोजायला लागली. डोक्याला पांढरा रुमाल, डोळे सुजलेले. आल्या आल्या तिनं सांगितलं होतं, जिर्तिशसाठी कापड हवंय. ओश शहरात हे ऐकल्यावर दुकानदारसुद्धा हातातलं काम ठेवतो, कोण गेलं ते विचारतो, तोंडावरून दोन्ही तळवे फिरवतो, आणि मगच भावाचं बोलतो. पिकलं पान गळलं की त्या घरून कापड फाडून आल्यागेल्याला तुकडे वाटतात, तेच जिर्तिश. बायका ते तुकडे गोधडीत जोडतात, म्हणजे गेलेल्याचं आयुष्य पांघरणाऱ्याला लाभतं. बुरुलचानं काहीच विचारलं नव्हतं. पोरीनं आधी सुती छिटाचा भाव विचारला होता आणि ऐकून हात मागे घेतला होता. बुरुलचाला तेवढं पुरे झालं.

गेल्या हिवाळ्यापासून ती असे मागे घेतलेले हातच बघत होती. छीट महाग, मखमल महाग, गोधडीत भरायचा कापूसही महाग. बायका यायच्या, कापड चिमटीत धरून चोळायच्या, भाव ऐकून चटका बसल्यासारखं सोडून द्यायच्या. याच बायका लेकीच्या लग्नात भाड्याच्या मोटारींची रांग लावतात आणि रुखवतातल्या गोधड्यांच्या कापडापाशी येऊन रडतात, असं ती शेजारच्या गाळ्यातल्या हुर्षिदाला ऐकवायची. त्यांच्यासाठीच तिनं हा नवा माल भरला होता. फुलं तीच, रंग तोच, सुताचा मात्र एक धागा नाही. भाव छिटाहून थोडासाच कमी ठेवलेला. फार कमी ठेवला असता तर लोकांना वास आला असता.

"सुतीच आहे ना पण?" पोरीनं विचारलं.

"डोळे आहेत ना तुला? फुलं बघ की."

"घरी मोठ्या बायका हात लावून बघतील, म्हणून विचारलं."

"चिंध्याच तर वाटायच्यात," बुरुलचा घडी घालत म्हणाली. "गेलेलं माणूस काही चिमटीत धरून बघत नाही."

पोरीनं मान वर करून तिच्याकडे नीट पाहिलं. मग पैसे टेबलावर ठेवले, गठ्ठा छातीशी धरला आणि निघून गेली.

हुर्षिदा दोऱ्याची रिळं लावता लावता म्हणाली, "कोण गेलं गं तिच्याकडचं?"

"कोण जाणे. म्हाताऱ्या माणसाला सवलतीत पोचवायला निघालेत."

"तुझी जीभ एक दिवस तुझ्याच गोधडीत सुई होऊन राहील, बघ."

"राहू दे. सुईही महागलीय."

हुर्षिदाला हसू आलं. तिला ते आवरताही आलं नाही, याचं तिला नंतर वाईट वाटलं असावं, कारण तिनं चहाचा वाडगा बुरुलचाकडे सरकवला नाही.

दुपारी हुर्षिदाच्याच एका गिऱ्हाइकानं बातमी आणली. नदीपलीकडच्या अनारकान अपा गेल्या. नव्वदी कधीच ओलांडलेली, पतवंडं मांडीवर खेळवलेली, अकरा लेकरं जन्माला घातली आणि एकही पाळण्यात गमावलं नाही. सगळा मोहल्ला उद्या जिर्तिशला जाणार म्हणे.

बुरुलचाचा हात थानावरच थांबला. तिच्या लेकीला, एलनुराला, सातवा महिना लागला होता. आधीची दोन बाळं पाळण्यात निजण्याआधीच गेली होती. या खेपेस एलनुरा पाळण्याची गोधडी स्वतः जोडत होती, एकेका दीर्घायुषी घरातला तुकडा मागून आणून. मधला एक चौकोन तिनं रिकामा ठेवला होता. त्या जागी सगळ्यांत थोर घरचा तुकडा हवा, म्हणायची.

"एकही गमावलं नाही?" बुरुलचानं पुन्हा विचारलं.

"एकही नाही."

दुसऱ्या दिवशी तिनं दुकान बंद ठेवलं.

अनारकान अपांच्या अंगणात गोल, दार-उंबऱ्याचा पांढरा तंबू उभारला होता. पुरुष दफन करून परतले होते. तंबूत बायका भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या आणि एक लेक आईचे गुण गाऊन रडत होती. तो सूर इतका खरा होता, की येणारी प्रत्येक बाई उंबऱ्यापाशी आधी थबके आणि मगच रडू लागे. बुरुलचाही थबकली. मग तिची नजर सतरंज्यांवरून फिरली, दारातल्या मखमली पडद्यावर गेली, आणि पडदा कितीला पडला असेल हे तिच्या मनात आपोआप येऊन गेलं.

रडणं ओसरलं, चहा फिरला, तळलेले बोरसोक पुढे आले. एका थोराड म्हातारीनं कापडाचा गठ्ठा मांडीवर ओढला. अपांची बहीण असावी. तिनं दातानं काठाला खाच पाडली आणि दोन्ही हातांनी ओढलं.

कापड ताणलं गेलं. फाटलं नाही.

बुरुलचानं फुलं ओळखली.

बाईनं पुन्हा ओढलं. काठाला चुण्या पडल्या, बस्स. शेजारणीनं घेऊन पाहिलं, मग तिच्या शेजारणीनं. वाडगे खाली ठेवले गेले.

"कात्री आणू?" कोणीतरी हळूच म्हणालं.

"कात्रीनं कापतात ते कापड," म्हातारी म्हणाली. "फाडतात ते जिर्तिश. कोणी आणलं हे?"

"मी, आजी." पांढऱ्या रुमालातली ती पोर दारात उभी होती. घरची नातसून, चोल्पोन म्हणून कोणी हाक मारली. तिचा चेहरा लाल झाला होता. बायकांवरून फिरत फिरत तिची नजर बुरुलचापाशी आली आणि तिथंच राहिली.

बुरुलचानं चहाचा घोट घेतला. तो गार झाला होता.

चोल्पोन दुकानाचं नाव घेईल, असं वाटलं. तिनं घेतलं नाही. ती आत गेली आणि अपांच्या पेटीतलं जुनं छीट घेऊन आली, अपांनी नातसुनांच्या गोधड्यांसाठी जपून ठेवलेलं. म्हातारीनं खाच पाडली. टर्र. तंबूभर तो आवाज घुमला, आणि बायकांचे खांदे सैल झाले. पुन्हा टर्र, पुन्हा टर्र.

ताट घेऊन तुकडे वाटायला चोल्पोनच उठली. प्रत्येकजण दोन्ही हातांनी तुकडा घेई, कपाळाला लावी, म्हणे, अपांचं वय आम्हालाही लाभो. बुरुलचाची पाळी आली तेव्हा चोल्पोननं ताटाखालून एक वेगळी घडी काढली.

"घ्या एजे. हे तुमच्यासाठी बाजूला ठेवलं होतं."

काठ सरळ होता. एक दोरा बाहेर नव्हता.

ताटात फाडलेले तुकडे अजून बरेच होते. दुसरा मागायचा, तर या तुकड्यात काय खोट आहे ते सगळ्यांसमोर सांगावं लागणार होतं. म्हातारी तिच्याकडे बघत होती. बुरुलचानं दोन्ही हात पुढे केले, तुकडा कपाळाला लावला.

"अपांचं वय लाभो," ती म्हणाली.

"लाभो," चोल्पोन म्हणाली आणि पुढच्या बाईकडे वळली.

घरी एलनुरा गोधडी मांडीवर पसरून बसली होती, सुई ओवून. तिनं तुकडा मधल्या रिकाम्या चौकोनावर ठेवला. मापाला बरोबर बसला. मग सवयीनं तिनं काठावरून अंगठा फिरवला, आणि पुन्हा एकदा फिरवला.

"आई, हा फाडलेला नाही का?"

"चिंध्याच तर…" बुरुलचा म्हणाली.

एलनुरा सुई हातात धरून थांबली होती.