चकती आणि कडी

"आकडा उतरतोय," सासूबाई म्हणाल्या, आणि पुढच्या खोलीत दाटीवाटीने बसलेल्या शेजाऱ्यांनी माना उंचावल्या. बाळाला कडेवर घेतलेली सून मागे उभी होती.

कॉम्प्युटरच्या पडद्याच्या कोपऱ्यात ग्राफिक्स कार्डाचं तापमान दिसत होतं. नव्वदीपार गेलेला तो आकडा खरोखरच खाली येत होता, आणि पडद्यावर एक न बांधलेला बंगला सुखाने गोल फिरत होता. तिचा नवरा बिल्डरांसाठी अशी चलचित्रं करायचा. त्यावरच घर चालायचं. पण नवं कार्ड बसवल्यापासून एकही बंगला पुरता फिरला नव्हता; मध्येच पडदा काळा. पंखे पुसून झाले, सॉफ्टवेअर नव्याने घालून झालं. दुकानात नेलं की कार्ड शहाण्यासारखं चालायचं, घरी आलं की मान टाकायचं.

शेवटी सासूबाईंनी लहरीगुरूंना बोलावलं. तोंड उघडलं की लहरी, म्हणून हे नाव. त्यांनी यंत्राची पेटी कपाटातून बाहेर काढायला लावली, बाजूचं झाकण उतरवायला लावलं, आणि आत तांब्याची चकती चिकटवली.

"झाकण लावायचं नाही हं. चकतीला श्वास लागतो," ते म्हणाले. "आणि माई, यंत्राचा दोष नाही. उष्ण लहरी दुसरंच कुणीतरी सोडतंय. कार्ड आलं तेव्हा घरात नवं काय घडलं?"

"बाळ रांगायला लागलं," सासूबाई म्हणाल्या.

सगळ्यांच्या नजरा तिच्या कडेवर गेल्या. बाळ कालपासून तापाने फणफणलं होतं, सारखं कान ओढत होतं.

"बघा, तापलंयही तेच." लहरीगुरूंनी दुसरी चकती काढून बाळाच्या छातीवर बांधली. "ही जोडी आहे. एक काढली की दुसरी मरते. आणि आता डॉक्टर नको, औषधाच्या बाटल्याही नकोत. औषधाच्या लहरी चकतीशी भांडतात."

"मी याला दवाखान्यात घेऊन जाते," ती नवऱ्याला हळूच म्हणाली.

"आजचा दिवस जाऊ दे ना. चकतीने काय बिघडतं?" त्याची नजर बंगल्यावरून हलत नव्हती.

आणि खरं सांगायचं तर तीही थांबली. आकडा उतरताना तिनेही पाहिला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाळ रडायचंही थांबलं होतं, नुसतं कण्हत होतं. तिने छातीवरच्या चकतीला बोट लावलं. चकती बाळाइतकीच कढत होती. थंड करायला आलेली चकती स्वतःच तापून बसली होती. तिला कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या बाई आठवल्या. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर श्रेय कुणाचं ते कळणार नाही, असं त्या दरडावून सांगायच्या. आणि काल? पेटी कपाटाबाहेर आली, झाकण निघालं, चकती आली. आरती मात्र एकट्या चकतीची.

बाळाची चकती सोडत ती दवाखान्याला निघाली, तशा सासूबाई दारात आडव्या आल्या. "जोडी तोडलीस तर यंत्र बंद पडेल. मग खायचं काय?" चमत्काराची दुसरी सकाळ बघायला शेजारी आलेच होते, लहरीगुरूही होते.

"मग बघूच," ती म्हणाली. तिने बाळाला कडेवर धरूनच पेटीतली चकती उपटली. आकडा ढिम्म हलला नाही. बंगला फिरत राहिला.

"प्रभाव उरतो काही काळ," लहरीगुरू म्हणाले.

"चालेल." तिने चकती परत आत चिकटवली, झाकण लावलं. "पेटी कपाटात ढकला आणि कडी घाला," ती नवऱ्याला म्हणाली. त्याने पेटी आत ढकलून कडी घातली.

आकडा चढायला लागला. नव्वदी ओलांडली आणि पडदा काळा झाला.

"चकती आत आहे," ती म्हणाली. "बंद कपाटात कार्ड गरम हवा सोडतं आणि तीच परत ओढतं. फार तापलं की बंद पडतं. पूर्वी कपाटाचं दार उघडं असायचं. बाळ वायरी ओढेल म्हणून आपणच कडी घातली, आणि त्याच सुमारास हे जास्त तापणारं कार्ड आलं. दुकानात कपाट नव्हतं, एवढाच काय तो चमत्कार. श्वास चकतीला नाही, कार्डाला लागत होता. आणि गुरुजींना तो कुठून द्यायचा हे बरोबर ठाऊक होतं."

"अश्रद्धेच्या हाताने चकती बाटते," लहरीगुरू पिशवी आवरत म्हणाले.

"मग बाळाची बाटलेली चकती घेऊन जा," म्हणत तिने ती त्यांच्या पिशवीत टाकली. या वेळी सासूबाई दारातून बाजूला झाल्या.

डॉक्टरीणबाईंनी बाळाच्या कानात पाहिलं. आत पू साठून पडदा फाटला होता. "बहुतेक भरून येईल," त्या म्हणाल्या. "ऐकण्यावर परिणाम झालाय का, ते पुढे तपासू. कालच का नाही आणलंत?"

नवऱ्याने मान खाली घातली.

ती घरी आली तेव्हा पेटी कपाटाबाहेर उघडी चालत होती. आतली चकती मात्र कुणी काढली नव्हती.

"असू दे गं," सासूबाई म्हणाल्या. "राहिली तर काय बिघडतं?"

तिने बाळाच्या दुखऱ्या कानाशी चुटकी वाजवली आणि ते वळतंय का, ते बघत राहिली.

काय बिघडतं, ते हे. चकती कुणाला मारत नाही. चकतीच्या भरवशावर गेलेला दिवस मारतो. तुमच्या दारात उद्या असाच एखादा आकडा उतरला, तर हात जोडण्याआधी एवढंच विचारा: त्याच वेळी आणखी काय बदललं होतं? आणि लेकरू तापलं असेल, तर तेवढंही विचारत बसू नका. आधी डॉक्टरकडे जा.