दुसरी तार

"वरची ती तार काढून टाक," दिग्दर्शकाने तिसऱ्यांदा सांगितले, तेव्हा मल्हारी क्रेनमधून खाली उतरला आणि चावी खिशात टाकून उभा राहिला.

अठ्ठ्याण्णव सालचा जानेवारी. अंबडच्या एका बंद कारखान्याच्या आवारात नायलॉनच्या दोराची टीव्ही जाहिरात चालली होती. अंगठ्याएवढ्या दोरावर खराखुरा टेम्पो टांगायचा आणि त्याच्या खाली खाटेवर एका बाईने मेथी निवडत बसायचे. सगळे खरे हवे, हा दिग्दर्शकाचा हट्ट. मल्हारीने टेम्पो टांगला होता. पण दोराच्या जोडीला आपणहून एक पोलादी तार बांधली होती. दोर गेलाच, तर टेम्पो तारेवर अडकला असता. नेमकी तीच कॅमेऱ्यात दिसत होती.

खाटेवर बसणार होती लंकाबाई, कारखान्यांच्या रस्त्यावर रोज भाजी विकणारी. मल्हारी दहा वर्षे तिच्याकडूनच भाजी नेत असे.

दिग्दर्शकाने प्रयोगशाळेचा कागद दाखवला. दोर टेम्पोच्या पाचपट वजन पेलत होता. मल्हारीने कागद नीट वाचून परत दिला.

"कागद खरा असंल, साहेब. तार काढतो. पण मग खाटेवर तुम्ही बसा."

दिग्दर्शकाने पाठ फिरवली. क्रेनच्या मालकाला फोन गेला. मालकाने दुसरा ड्रायव्हर पाठवला आणि मल्हारीला उद्यापासून येऊ नको म्हणून कळवले. लंकाबाईसुद्धा त्याच्यावरच चिडली. टीव्हीवर दिसणार म्हणून ती सगळ्या गल्लीला सांगून बसली होती. बसू नको, असे त्याने तिला परोपरीने विनवले. तिने ऐकले नाही. मल्हारीने टेम्पो जमिनीवर उतरवला, चावी दिली, आपली तार सोडवून खांद्यावर टाकली आणि चालू लागला.

दुपारी तार न लावता काम झाले. दोराचा एक धागासुद्धा तुटला नाही.

जाहिरात गाजली. टांगलेल्या टेम्पोखाली मेथी निवडता निवडता डोळे मिटणारी बाई घराघरांत लाडकी झाली. मल्हारी चार महिने घरी बसून होता. चहाच्या टपरीवर लोक हटकून विचारत, दोर तुटला का रे?

"नाय तुटला," तो म्हणे. "पण खाली माणूस होतं."

पुढे त्याला सातपूरला एका कारखान्यात छताखालच्या क्रेनवर काम मिळाले. लंकाबाईशी बोलणे मात्र तुटलेच होते. वर्षभराने तो तिच्यापुढे पिशवी धरून उभा राहिला, तेव्हा कोथिंबीर टाकता टाकता ती हळूच म्हणाली, "एकदाच वर बघितलं रे. तुझी तार दिसंना. मग डोळेच मिटून घेतले. लोकं म्हणत्यात, बाई काय निवांत झोपलीय."

मल्हारीने पैसे मोजून दिले. पिशवी घेऊन घरी गेला.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात त्याने दोन टनांचा साचा उचलला. वाटेत खाली दोघेजण पेटी बांधत बसले होते. त्यांच्या डोक्यावरून ने, उशीर होतोय, म्हणून सुपरवायझर खालून ओरडत होता. मल्हारीने साचा पुन्हा जमिनीवर टेकवला, दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि ते दोघे उठेपर्यंत बसून राहिला.